हरवलेलं शोधून देणारा वीर

चौक,
६ ऑगस्ट १९४४

ती. वन्सं,

पायांवर डोकं ठेवते. तुम्ही पाठवलेल्या आठळ्या पोचल्या. निम्म्या मामंजींनी चुलीत भाजून एकट्याने खाल्ल्या, आणि वर म्हणतात, जिजाची आठवण आली की भूक लागते. लेकीची आठवण काढायची ही चांगली रीत आहे.

तुमच्या भावाचं महिनाभरात पत्र नाही. शेवटचं आलं ते आसामातून, तेही मधोमध कापलेलं. लष्करातले लोक पत्र वाचून नको ते कापून काढतात म्हणे. माझ्याबद्दल काही लिहिलं असेल तर सरकारला ते घेऊन काय करायचंय? राहिलेल्या कागदात एवढंच आहे की तिथे तांदूळ बरा मिळतो आणि डास फार आहेत. नवऱ्याचं पत्र म्हणून उशाशी ठेवावं असं त्यात काही नाही, तरी ठेवलं आहे.

बुधवारी इथे गंमत झाली. दुपारी पाऊस धो धो, ढग अगदी शिवारावर उतरलेले, आणि घरावर विमान आलं. दिसलं काहीच नाही, नुसता आवाज. एकदा गेलं, वळून पुन्हा आलं. सासूबाई भर पावसात अंगणात, आणि तिथून ओरडतायत, "चंद्रे, बाहेर ये गं! माजा येसा आलाय!" मी मागची पडवी सारवत होते. दोन्ही हात शेणाने भरलेले, ते घेऊन कुठे धावू? आतूनच म्हटलं, "अहो, ते तिकडे ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर आहेत. इकडे कशाला येतायत?" तुम्हाला माहीत आहे, लढाई लागल्यापासून मुंबई-पुण्याची विमानं रोज जातात आणि सासूबाईंच्या लेखी प्रत्येकात येसाच असतो. लग्नात हे बोलून गेले ना, आई, एक दिवस घरावर दोन गिरक्या घालीन, तेव्हा मला ओळख. त्या एका बोलण्याने त्यांची मान कायमची वर झाली आहे. आता खोकला घेऊन बसल्या आहेत.

पडवी मात्र छान झाली. गौरी-गणपतीला याल तेव्हा बघा.

तुमची चंद्रा


कळंब,
१३ ऑगस्ट १९४४

चि. सौ. चंद्रा,

आशीर्वाद. आईला हसू नकोस गं. येसा लहानपणी चिंचेवर चढला की ही खाली पदर पसरून उभी राहायची. तो वरून ओरडायचा, आई, तू जा, मी पडत नाही. ही काही हलायची नाही. कंबरेचा करदोटा तरी पोराने सोडू नये म्हणून बारशाचं चांदीचं पिंपळपान तिने त्यात ओवून दिलं. मोठा होऊन कॉलेजात गेला तरी ते पान कंबरेला होतंच. मी एकदा चिडवलं तर महिनाभर बोलला नाही. तू मात्र चिडवत जा, बायकोचा तो हक्क आहे.

इकडे भात लावून झालं. नवऱ्याची पाठ धरली आहे आणि माझी जीभ सुटली आहे, असं तेच म्हणतात. सरपणाचे हाल चाललेत. वरच्या उंबरवाडीतली ठकी मोळी घेऊन येते ना, ती हसरी ठाकरीण, ती दहा दिवस आलीच नव्हती. काल आली ती दोन्ही हात भाजून. कोपरापर्यंत फोड. मी विचारलं तर म्हणे चुलीत पडले. दोन्ही हात एकदम कसे पडतात चुलीत? मी कोरफड लावून दिली. बाई गप्प. एरवी हिच्या बडबडीने माझं दूध उतू जातं. वाडीत कुणी गेलं का, असं विचारलं तेव्हा माझ्याकडे बघत राहिली आणि उठून गेली.

त्या वाडीचं तसं नेहमीचंच आहे म्हणा. बेचाळीसात लपून राहिलेल्या पोरांना भाकरी दिली म्हणून पोलिसांनी तिथल्या बापयांना झोडपलं. तेव्हापासून परका माणूस चढताना दिसला तरी ते दारं लावून घेतात.

येसाचं पत्र आलं की कार्ड टाक. मला फक्त बरा आहे एवढं कळलं तरी पुरे.

जिजा


चौक,
२० ऑगस्ट १९४४

ती. वन्सं,

तुमचं पत्र आणि तार एकाच दिवशी आली. खालापूरहून शिपाई आला, आणि शाळेतल्या मास्तरांना बोलावून मामंजींनी ती वाचून घेतली. मास्तरांनी आधी मनात वाचली तेव्हाच मला कळलं की काही बरं नाही.

फ्लाइंग ऑफिसर येसाजी भिवाजी घारे हे २ ऑगस्टला कामगिरीवर उडालेले असताना बेपत्ता झाले आहेत. एवढंच. कुठे, ते लिहिलेलं नाही. मास्तर म्हणाले, लढाईत जागा सांगत नाहीत. ब्रह्मदेशच असणार.

सासूबाई रडल्या नाहीत. तारीख ऐकली आणि म्हणाल्या, "बुधवारी ना? बुधवारीच आलावता त्यो. मी वरडून सांगत व्हते, तुमी कोनी आयकलं नाय." सगळ्यांनी माना हलवल्या. शेजारची सोनुबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, जीव जाताना आईला भेटून जातो, असं होतं. वन्सं, मला इतका राग आला की मी तिला घराबाहेर जा म्हटलं. जीव कुणाचा गेलाय? तारेत बेपत्ता लिहिलंय. बेपत्ता म्हणजे पत्ता नाही एवढंच. मला तरी कुठे माझ्या आईच्या माहेरच्यांचा पत्ता आहे? ते काय मेलेत?

सासूबाईंना मीच समजावलं. आसाम इथून किती लांब आहे ते नकाशावर बोटाने दाखवलं. त्या नकाशाकडे बघत नव्हत्या, पडवीच्या छपराकडे बघत होत्या.

आज मी रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं आहे. गणपती आणायचा की नाही यावर मामंजी काही बोलत नाहीत. तुम्ही येऊ नका एवढ्यात. तुम्ही आलात तर मी रडेन आणि मला ते करायचं नाही.

चंद्रा


कळंब,
२ नोव्हेंबर १९४४

चि. सौ. चंद्रा,

तू येऊ नको म्हणालीस म्हणून आले नाही. तुझ्या हट्टापुढे मी काय बोलणार. पण माझाही भाऊ आहे तो. मी इथे गोठ्यात बसून रडून घेते, म्हशींना सवय झाली आहे.

नेरळच्या एका शिपायाला यांनी गाठून विचारलं. तो म्हणाला, जपान्यांनी पुष्कळ जण धरून नेलेत, त्यांची नावं कळत नाहीत, लढाई संपली की सोडून देतील. तू हे धरून राहा. मीही धरून राहते.

आणखी एक. हसू नकोस. वर उंबरवाडीत यंदा नवा वीर बसला आहे. कड्याखाली सपाटी आहे तिथे उभा दगड, शेंदूर लावलेला. ठाकरांच्यात अपघाताने, आडमरणाने गेलेला माणूस वीर करून बसवतात, म्हणजे तो भटकत नाही आणि वाडीला सांभाळतो. हा फार जागृत आहे, हरवलेलं शोधून देतो म्हणतात. आमच्या शेजारच्या चिंधीची म्हैस तीन दिवस सापडत नव्हती. ठकीकडून गाऱ्हाणं घातलं आणि दिवेलागणीला म्हैस दारात हजर. कुणाचा वीर हा, म्हणून ठकीला विचारलं तर खाली बघत म्हणाली, "पावसात आला, बाय. वाट चुकून आला." वाडीतलाच कुणी दारू पिऊन कड्यावरून पडला असेल. ते लोक अशा गोष्टी सांगत नाहीत.

मी ठकीच्या हाती नारळ दिला आणि सांगितलं, माझा भाऊ लढाईवर गेलाय तो हरवला, त्याला घरी आणून दे म्हणावं. विमानाचं तिला सांगून काय कळणार, म्हणून लढाई एवढंच म्हटलं. ती म्हणाली, सांगते. तिचे हात आता बरे झालेत, पण बोटं नीट मिटत नाहीत.

जिजा


चौक,
१६ डिसेंबर १९४५

ती. वन्सं,

लढाई संपली. रस्त्याने लष्करी ट्रकांची रांग उलट्या दिशेने जाते आहे. गावातली पोरं हात करतात, शिपाई पण हात करतात. मी दाराशी उभी राहून प्रत्येक ट्रकात बघते. आता माझीही मान सासूबाईंसारखी झाली आहे. त्यांची वर, माझी रस्त्याकडे.

मामंजी आणि मी मुंबईला जाऊन आलो. रंगूनच्या तुरुंगातून सुटलेल्यांची एक बोट लागणार होती. धक्क्यावर नातेवाइकांना आत सोडत नव्हते, तरी मामंजींनी पगडी काढून एका गोऱ्याच्या पुढे धरली तेव्हा सोडलं. वन्सं, ते लोक उतरले ते बघवत नव्हतं. हाडं आणि डोळे. मी प्रत्येकाला विचारलं. एकाने माझ्याकडचा फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आठवतंय. मग तो म्हणाला, "भेन, ये तो बहोत तगडा है," आणि परत दिला. एवढंच म्हणाला. फोटोतला माणूस फार धडधाकट आहे, म्हणून तो त्याला ओळखेना.

हवाई दलाच्या कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने फाईल मागवली, ती मिळाली नाही. कराचीकडे असेल म्हणाला. कराचीकडे कशाला? ते तर आसामात होते. त्यांच्यातही घोळ आहेत, आपण काय करणार.

परत येताना मामंजी गाडीत एवढंच बोलले, "पोरी, आता बास." मी त्यांच्याकडे बघितलं नाही. सासूबाई विचारत होत्या, कुठे गेला होतात. बाजारात, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, येसाला शोधाया कशाला जाता, त्यो आलावता की.

तुमच्या वीराला म्हणावं, म्हशी झाल्या असतील शोधून तर आता माणसाकडे बघ.

चंद्रा


कळंब,
१२ जानेवारी १९४७

चि. सौ. चंद्रा,

बाबांचं पत्र आलं. त्यांना लिहिता येत नाही म्हणून मास्तरांनी लिहिलं आहे, तरी प्रत्येक ओळीत बाबाच रडतायत. सरकारने येसाला मेला धरलं आहे आणि एका कागदावर तुझी सही मागितली आहे. तू तो कागद दोनदा परत पाठवलास. मी तुझी समजूत घालावी असं ते म्हणतात. मी कशी घालू? समजूत घालायची म्हणजे मी आधी माझी घालायला हवी.

त्या घरात बसून तू वेडी होशील. आठ दिवस इकडे ये. नेरळला उतर, यांना गाडी जुंपून पाठवते. माझे पाय सुजलेत, सातवा महिना आहे, मला वर चढवणार नाही. पण ठकी तुला वीराकडे घेऊन जाईल. स्वतः गाऱ्हाणं घालावं म्हणतात, दुसऱ्याच्या तोंडून घातलेलं त्याला नीट ऐकू जात नसेल. मला हे सगळं खरं वाटतं का, तर नाही. पण दुसरं काय उरलंय आपल्याकडे?

जिजा


चौक,
९ फेब्रुवारी १९४७

ती. वन्सं,

सासूबाईंना ताप असल्याचा निरोप आला म्हणून घाईने निघावं लागलं, आणि वरून उतरल्यावर तुमच्याशी नीट बोलणं झालंच नाही. आता लिहिते. लिहिलं म्हणजे मलाही कळेल काय झालं ते.

चढताना ठकी सारखी बोलत होती. करवंदीच्या जाळ्या, कुठला पाणवठा आटतो, तिची मंगळी कशी खोडकर आहे. मधेच तिने विचारलं, "तुजा दादला लढाईत काय करायचा? बंदूक?" मी म्हटलं, "विमान चालवायचे." ती थांबली. मला वाटलं, दमली. मी म्हटलं, "विमान म्हणजे आभाळातून जातं ते." ती म्हणाली, "ठावं हाय."

मग पुढे एक शब्द नाही. सपाटीवर पोचलो. वन्सं, जागा फार चांगली आहे. वर सरळ कडा, आणि खाली तुमचं कळंब, आणखी लांब धुक्यात आमच्या बाजूचा डोंगर. दगडापुढे ताजी फुलं होती. मी नारळ काढला, तर ठकीने हात धरला आणि विचारलं, "बाय, तुजा दादला कमरंला काय बांधायचा गं?"

मला संताप आला. असलं कुणी विचारतं का? पण तिचा चेहरा बघून मी सांगितलं. काळा करदोटा, आणि त्यात चांदीचं पिंपळपान. त्याच्या आईने बांधलेलं.

ती माझ्या कपाळाकडे बघत राहिली. मग माझं मनगट धरून तिने बांगड्या वर सरकवल्या. दोन्ही हातांनी धरलं होतं, ती वाकडी बोटं किती घट्ट असतात. वाटलं, आता काहीतरी करणार. मग सोडून दिलं. म्हणाली, "घाल तुजं गाराणं." आणि पाठ करून बसली.

मी त्याला सगळं सांगितलं. लाज सोडून मोठ्याने सांगितलं, यांचं नावही घेतलं, जे मी आजवर कधी घेतलं नव्हतं. म्हटलं, बाबा रे, तू हरवलेलं शोधतोस ना, मग माझा माणूस शोधून दे. हातपाय मोडलेला दे, आंधळा दे. पण दे. नारळ फोडला. ठकी प्रसादाचं खोबरं घेईना. दोन्ही भकलं माझ्याच ओटीत घातली आणि म्हणाली, "ह्ये तुजंच." उतरताना ती माझ्यापुढे चालत होती, आणि रडत होती असं मला वाटतं. मला वाटेत तहान लागली तर तिने स्वतःच्या वाटणीचं पाणी दिलं आणि ते ताक असल्यासारखं जपून ओतलं.

काय असेल हे? तुम्ही तिला ओळखता. मला झोप येत नाही.

चंद्रा


कळंब,
२ मार्च १९४७

चि. सौ. चंद्रा,

काय असणार? त्या लोकांच्या नाना रिती. माझ्या जावेचं म्हणणं, नवस बोलणाऱ्याच्या अंगावरचं काही सांगितलं की वीराला माणूस ओळखू येतो, म्हणून विचारलं असेल. प्रसाद घेतला नाही तो तुझ्याबद्दल कणव आली म्हणून. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

मी मात्र ठकीला फैलावर घेतलं. माझ्या भावजयीला असले प्रश्न विचारतेस, बांगड्यांना हात लावतेस, काय समजतेस गं तू? मान खाली घालून ऐकून घेतलं. एवढंच म्हणाली, "जिजाबाय, तिच्या कपाळी कुकू व्हतं गं." म्हटलं, असणारच, नवरा आहे तिचा. त्यावर मोळी टाकून गेली. पैसेही घेतले नाहीत. पुढच्या आठवड्यात नेहमीसारखी आली आणि तुझी चौकशी केली. आता प्रत्येक खेपेला करते. चौकची बाय बरी हाय का, जेवती का, असं.

एक चांगलं झालं. तू नवस बोललीस तेव्हापासून मला आत कुठेतरी बरं वाटतंय. वीर ऐकेल गं.

जिजा


चौक,
२७ नोव्हेंबर १९४९

ती. वन्सं,

दहावा-बारावा झाला, तुम्ही गेलात, आणि घर एकदम मोठं झालं. सासूबाईंच्या खाटेवर मांजर झोपतं. मामंजी त्याला हाकलत नाहीत.

तुमच्यासमोर एक सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी त्या शुद्धीवर होत्या. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "चंद्रे, त्यो आलावता तवा तू भायेर आली न्हाईस." रागावून नाही म्हणाल्या. नुसतं सांगितलं, जसं चूल विझलीय सांगतात तसं. मी म्हटलं, "नाही आले. हात भरले होते." त्या म्हणाल्या, "त्येनं दोन गिरक्या घातल्या गं." मग डोळे मिटले ते उघडले नाहीत. मरणाऱ्या माणसाशी काय वाद घालायचा, म्हणून मी हो म्हटलं. वन्सं, मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांचा मुलगा त्यांना भेटून तरी गेला. माझा नवरा कुठेच नाही.

इथल्या शाळेत मला लहान मुलांना शिकवायला घेतलं आहे. हजेरीपटावर माझ्या नावामागे काय लिहायचं, असं मास्तरांनी भीत भीत विचारलं. म्हटलं, सौभाग्यवती. त्यांनी लिहिलं. तो सहीचा कागद मी या वेळी चुलीत घातला. बारा वर्षं झाली की पळसाच्या काड्यांचं माणूस करून जाळतात आणि मग सुटतात सगळे. भटजींनी सांगून ठेवलं आहे. माझ्या हयातीत माझ्या दारात पळस येणार नाही.

मला आशा आहे म्हणून हे करते असं समजू नका. आशा त्या धक्क्यावरच संपली. पण कुठे संपला ते कळल्याशिवाय माणूस संपवायचा कसा, ते मला येत नाही. एवढंच आहे.

सोबत वीरासाठी नारळ पाठवते आहे. दरवर्षी माघात एक पाठवत जाईन. ठकीच्या हाती द्या.

चंद्रा


कळंब,
११ फेब्रुवारी १९७३

चंद्रा,

मायना लिहिताना हात अडला, म्हणून नुसतं नाव लिहिलं. बसून वाच.

उंबरवाडीच्या वर जंगलखात्याने सागाची रोपं लावायला खड्डे खणायला घेतलेत. कड्याखालच्या ओहळात माणसांना लोखंड लागलं. बंदुकीची नळी, मग इंजिनाचा मोठा तुकडा. पोलीस आले, वाडीतले बापये पुन्हा एकदा रानात पळाले. मग पुण्याहून हवाई दलाचे अधिकारी आले. त्यांनी इंजिनावरचा नंबर उतरवून नेला आणि काल परत आले. घाऱ्यांची लेक म्हणून गावाने त्यांना माझं दार दाखवलं, चंद्रा. घारे कोण तुमचे, असं विचारलं.

येसाच आहे तो. कराचीला नवं विमान आणायला पाठवलं होतं त्याला. मुंबईवरून पुण्याला उतरायचं, मग आसामकडे जायचं. ढगांच्या वरून सरळ निघून जायचं सोडून हा इतका खाली कशाला उतरला, ते त्या अधिकाऱ्याला समजेना. वळणं घेत घेत तो आमच्या डोंगरात शिरला आणि कडा दिसलाच नाही. अधिकारी माझ्याकडे बघत होता. मला समजलं होतं. तुलाही समजलं असेल.

ठकी आता आंधळी झाली आहे. पोरगी तिला पाठीवर घेऊन खाली आली. साहेबासमोर ओटीवर बसून तिने सांगितलं. ढगात मोठा आवाज झाला, आग दिसली. माणूस बाहेर फेकला गेला होता, कपडे जळत होते, तिने ओढून काढलं. तेव्हाच गेलेला होता. डोक्यावर कातड्याची टोपी, तोंड ओळखू येत नव्हतं. विमानातला माणूस म्हणजे गोरा साहेबच, दुसरं कोण उडणार, असं सगळी वाडी म्हणाली. साहेब आपल्या हद्दीत मेला हे कळलं तर बेचाळीसासारखं होईल, म्हणून वाडीतल्या म्हाताऱ्या पदूने आणि बापयांनी लोखंड ओहळात लोटून वर दगड रचले. धुवायला ठकी होती. तिला करदोटा दिसला, पान दिसलं. ती म्हणाली, साहेब कुठं करदोटा बांधतो? कुणा आईचा हाय ह्यो. बापयांनी तिला गप्प केलं. मग त्यांनी त्याला आपल्यातलाच म्हणून पुरला, आणि भटकू नये म्हणून वीर बसवला. "वाट चुकून आलावता," ती म्हणाली, "म्हून हरवल्यांचं काम त्यालाच दिलं."

तू वर गेलीस तेव्हा तिला कळलं. तुझं कपाळ बघून तिच्याने बोलवलं नाही. नंतर रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू.

पान दगडाखाली सापडलं. काळं पडलंय. माझ्या पुढ्यात आहे.

तू येईपर्यंत हाडं हलवू नका, असं मी सांगितलं आहे. त्यांना पुण्याला नेऊन मानाने अग्नी द्यायचा आहे. वाडीतले लोक वाटेत बसून राहिलेत, आमचा वीर नेऊ नका म्हणून. मी कुणाला काय सांगू? तू सांग.

जिजा


चौक,
१४ फेब्रुवारी १९७३

ती. वन्सं,

पत्र मुलांच्या वर्गात आलं. वाचलं, आणि पाढे पुरे करून घेतले. मग घरी येऊन पडवीत बसले. तीच पडवी. आता फरशी आहे.

सासूबाईंना एकट्यांना खरं कळलं होतं आणि आपण सगळ्यांनी त्यांना समजावलं. मी तर नकाशा दाखवला.

मी त्यालाच सांगत होते वन्सं, की त्यांना आणून दे. दरवर्षी नारळ पाठवत होते. तो तिथे बसून ऐकत असेल आणि मी त्याच्याकडे त्यालाच मागते आहे. काय वाटलं असेल त्याला? मला रडायला येत नाही. इतकी वर्षं राखून ठेवलेलं रडू कुठे गेलं कळत नाही. फक्त शेणाचा वास येतो आहे, त्या दिवशीचा.

हाडं सरकारला नेऊ द्या. ते त्यांच्या कामावर होते, त्यांचा हक्क आहे. दगड मात्र हलवू नका. वाडीच्या लोकांनी ते कोण हे न विचारता त्यांना आपल्यात घेतलं, एवढं आपल्यापैकी कुणी केलं नाही. पान तुमच्याकडे राहू दे. ते तुमच्या आईचं आहे.

कुंकू मी अजून पुसलेलं नाही. इथे पुसणार नाही. रविवारी नेरळला उतरते. चढवेल तितकी चढेन, नाहीतर मलाही पाठीवर न्या.

ठकीला सांगून ठेवा. माझं मनगट तिने एकदा धरून सोडलं होतं. या वेळी सोडू नको म्हणावं.

चंद्रा